कात्री कपाटात ठेवा: कोल्हापुरातल्या नव्या टपाल संग्राहकांसाठी

जुन्या पत्रांची पिशवी घरात सापडली की पहिला हात कात्रीकडं जातो. तिकीट कापायचं, वाटीभर पाण्यात सोडायचं, सुटलं की वर्तमानपत्रावर वाळत घालायचं आणि वहीत लावायचं. चिकटवलेल्या साध्या तिकिटाला हे एक वेळ चालतं. पण तिकीट पाकिटावरच छापलेलं असेल तर याच कृतीनं वस्तूची बहुतेक किंमत केराच्या टोपलीत जाते. त्यामुळं सुरुवात एका मनाईनं करतो: हा लेख वाचून होईपर्यंत काहीही कापू नका.

आधी वस्तू ओळखा

टपालखात्यानं तिकीट छापूनच विकलेल्या कागदाला संग्राहक पोस्टल स्टेशनरी म्हणतात. पोस्टकार्ड, इनलँड, तिकीट छापलेलं पाकीट, रजिस्टर पाकीट, परदेशी पाठवायचं एअरोग्राम, सगळं यात आलं. यातला छापील तिकिटाचा भाग कापून काढला की त्याला कटआउट म्हणतात. बाजारात 'कटिंग' किंवा नुसतं 'तुकडा' असंही ऐकू येईल.

आपल्याकडं देशभर चालणारी चिकटवायची तिकिटं १८५४ च्या ऑक्टोबरात आली आणि त्याच दशकात व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा उठावाचा (कागदातून वर आलेला) ठसा असलेली पाकिटंही निघाली. पाव आण्याचं पोस्टकार्ड १ जुलै १८७९ चं, इनलँड २ ऑक्टोबर १९५० चं. पुढं १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि कार्डावर 'नये पैसे' छापून येऊ लागले. वाघाच्या तोंडाचं १५ पैशांचं कार्ड तर चाळिशीपुढच्या कुणाच्याही घरात असतं. ते कुणी मौल्यवान समजत नाही, म्हणूनच नवख्यानं तिथून सुरुवात करावी. हात बसतो, आणि खराब झालं तरी जीव जळत नाही.

चिकटवलेलं की छापलेलं, हे बोटाच्या टोकानं कळतं. तिकिटाची कडा लागते का, कंगोऱ्यांचे दात दिसतात का, ते पाहा. कडा नाही, दात नाहीत आणि रंग थेट पाकिटाच्या कागदात उतरलेला आहे, तर ती स्टेशनरी. ती अख्खी ठेवायची. फाटकी असली, डाग असले, पत्ता वाचता येत नसला तरी अख्खीच.

कोल्हापूरकरांची एक गल्लत इथंच दूर करू. कोल्हापूर संस्थानानं स्वतःची टपाल तिकिटं काढली नाहीत. महाराजांच्या चित्राची जी तिकिटं जुन्या बाजारात दिसतात ती कोर्ट फीची किंवा महसुलाची असतात, आणि काही तर चक्क संस्थानी स्टॅम्पपेपरच्या माथ्यावरची नक्षी कापून काढलेले तुकडे असतात. 'संस्थानचं पोस्टाचं तिकीट' म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर हसून पुढं जा. संस्थानी टपालाचीच हौस असेल तर आपल्या भागातलं नाव भोरचं. त्या संस्थानानं १८७९ मध्ये तिकिटं काढली होती. कोर्ट फीचा संग्रहही सुंदर होतो. मात्र तो वेगळा विषय, वेगळा आल्बम.

तुकड्याला किंमत कधी

एकोणिसाव्या शतकातले संग्राहक आल्बममध्ये जागा वाचावी म्हणून पाकिटांवरचे ठसे सर्रास कापत. चौकोनी छापील खणात बसावं म्हणून चौकोनी कापायचे, आणि काही हौशी तर नक्षीच्या कडेनं गोल किंवा अष्टकोनी. असे लाखो तुकडे आज जगभर पडून आहेत, म्हणून ते स्वस्त. तिकिटांच्या किमती देणाऱ्या अमेरिकी स्कॉट कॅटलॉगमध्ये कापलेल्या चौकोनाची किंमत वेगळी आणि अख्ख्या पाकिटाची वेगळी छापतात. या दोन रकान्यांमधली तफावत एकदा पाहिली की कात्री आपोआप खाली ठेवली जाते.

कापण्याच्या तऱ्हेचाही भाव असतो. १८५४ चं आपलं चार आण्याचं तिकीट स्टेशनरी नव्हे, चिकटवायचंच. लाल अष्टकोनी चौकटीत निळा मुखवटा, आणि कडेला दात नाहीत. त्या काळी लोकांनी ते चौकटीच्या कडेनं अष्टकोनी कापलं. ज्यांनी चारी बाजूंना कोरी जागा ठेवून चौकोनी कापलं त्यांची तिकिटं आज कितीतरी जास्त मोलाची आहेत. कागद तोच, शाई तीच, फरक कात्रीच्या चार वळणांचा. कटआउट विकत घ्यायचाच असेल तर हाच नियम लावा: ठशाभोवती मोकळी जागा जितकी जास्त तितकं बरं, आणि नक्षीला कात्री लागलेली असेल तर तो तुकडा फक्त अभ्यासापुरता.

आता खरा मजेदार प्रकार. काही वेळा लोकांनी हा कापलेला तुकडा दुसऱ्या पाकिटावर तिकिटासारखा चिकटवून पत्र पाठवलं. पाकीट लिहिताना चुकलं, शाई सांडली, पण छापलेलं तिकीट तर कोरं आहे. मग पैसे का सोडा? टपालखात्यानं हे चालवून घ्यायचं की नाही, यावर देशोदेशीचे नियम वेगळे होते. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा तुकड्यांना तिकीट म्हणून परवानगी मिळाली. अमेरिकेच्या नियमांत असे तुकडे चालत नाहीत. म्हणून परदेशी पत्रावर कटआउट दिसला की पहिला प्रश्न हा: या देशात, या साली, हे चालत होतं का? चालत असेल तर ते त्या काळच्या काटकसरीचं साधं टपाल. चालत नसूनही पत्र पोचलं असेल तर कारकुनाची नजर चुकली. आणि पकडलं गेलं असेल तर पाकिटावर दंडाचा शिक्का असेल, परदेशी टपालात बहुधा 'टी' हे अक्षर, आणि शेजारी वसुलीचा आकडा. माझ्या मते तिन्हीत हा शेवटचा प्रकार सर्वांत वाचनीय. एकाच पाकिटावर पाठवणाऱ्याची हुशारी आणि खात्याचं उत्तर, दोन्ही.

पण लक्षात घ्या, ही सगळी किंमत पाकिटासकट आहे. तोच तुकडा पाण्यात सोडवून वेगळा केला की तो पुन्हा एक साधा तुकडा.

वाचून कुणी प्रयोगाला बसण्याआधी सांगतो: आपल्या आजच्या पत्रांवर असे तुकडे चिकटवून पाठवू नका. न चाललेल्या टपालाची वसुली घेणाऱ्याच्या दारात होते. बेअरिंग, म्हणजे पुरेसं तिकीट न लावलेल्या पत्राचे दुप्पट पैसे मोजायला लागलेले जुने लोक अजून त्या पाठवणाऱ्या पाहुण्याचं नाव काढतात.

शोधायचं कुठं

पहिलं घर आपलंच. दुसरं मामाचं. कोल्हापुरात तिसरी जागा म्हणजे व्यापारी पेठा. शाहूपुरीतला गुळाचा व्यापार कित्येक दशकं पोस्टकार्डावर चालला. भाव काय निघाला, किती रवे पाठवले, हुंडी कधी वटणार, सगळं उघड्या कार्डावर. इचलकरंजीचे सूतवाले, हुपरीचे चांदीवाले यांचाही पत्रव्यवहार मोठा. अशी कार्डं रद्दीत जाण्याआधी गाठावी लागतात. पेढी बंद होणार, जुना वाडा पाडणार, असं कळलं की आदबीनं विचारा: 'काका, जुनी पत्रं टाकणार असाल तर एकदा बघू का?' रद्दीवाल्यांशीही ओळख ठेवा. रद्दीच्या भावापेक्षा थोडं जास्त देणारा माणूस त्यांच्या पक्का लक्षात राहतो. लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजारात जुन्या वस्तूंवर नजर टाकायला हरकत नाही. मात्र तिथं तिकिटांपेक्षा नाणीच जास्त पुढं येतात.

या पत्रांवर काही खुणा दिसतील ज्या परक्या माणसाला खोट वाटतात. कार्डाच्या मधोमध भोक असेल, कारण दुकानात आलेली कार्डं तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असेल तर ते लग्नाचं किंवा मुंजीचं पत्र. डाग म्हणून ते खोडरबरानं घासणाऱ्याला काय म्हणावं! मृत्यूची बातमी आणणारं कार्ड वाचून फाडून टाकायची रीत होती, त्यामुळं ती फार क्वचित मिळतात. एखादं सापडलं तर ते कितीही चुरगळलेलं असो, बाजूला काढा.

आणि एक पथ्य. ही माणसांची खासगी पत्रं आहेत. कर्ज, आजारपण, भावकीचं भांडण, सगळं त्यात असतं. पत्त्याची बाजू खुशाल दाखवा. मजकुराची बाजू फोटो काढून सगळीकडं पाठवण्याआधी त्या घरातल्या माणसांना विचारा.

डीलरकडं जाताना

तिकिटांचे डीलर बहुतेक वेळा नाणी आणि जुन्या नोटाही विकतात. शहरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनासारख्या ठिकाणी प्रदर्शनं भरतात, तेव्हा वर्तमानपत्रातल्या 'शहरात आज'वर लक्ष ठेवा. प्रदर्शनाच्या पहिल्या फेरीत पैशांचं पाकीट खिशातच राहू द्या. सगळी टेबलं नुसती पाहून घ्या. एकच वस्तू दोन टेबलांवर दोन भावांत दिसते आणि तेवढ्यानंच बराच धडा मिळतो.

टेबलाशी बसल्यावर वस्तू कडेनं धरायची, बोट ठशावर ठेवायचं नाही. चिमटा स्वतःचा न्या, पसरट टोकाचा. घरातला टोकदार चिमटा पाहिला की डीलर तुमच्या हातात चांगलं काही देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. भिंग दहापट असलं की पुरे.

बोलणं सरळ ठेवा. 'मला अख्खी स्टेशनरी पाहिजे, तुकडे नकोत' एवढं म्हटलं तरी समोरचा माणूस दुसरा डबा उघडतो. वस्तू कुठल्या घरातून आली, लॉटमध्ये, म्हणजे एकत्र आलेल्या गठ्ठ्यात, आणखी काय होतं, हे विचारा. लॉट फुटण्याआधी पाहायला मिळाला तर एकाच पेढीची दहा कार्डं एकत्र घेणं सुट्या दहा कार्डांपेक्षा केव्हाही चांगलं. घासाघीस करायला लाजू नका. पण वस्तूला नावं ठेवून भाव पाडायची आपली बाजारातली सवय इथं उपयोगाची नाही. डीलर तुमच्यापेक्षा जास्त काळ त्या कार्डाकडं पाहत बसलेला असतो. महाग वस्तू घेताना पावतीवर वर्णन लिहून घ्या: साल, किंमत, 'अख्खं पाकीट' की 'कटआउट', आणि खोटी निघाल्यास परत घेणार का. जो हे लिहून द्यायला तयार नाही त्याच्याकडून फक्त स्वस्त वस्तू घ्याव्यात.

फसवणुकीचे दोन प्रकार नवख्याला हमखास भेटतात.

पहिला: कटआउट हे 'बिनदाताचं दुर्मिळ तिकीट' म्हणून विकणं. दात मारायचे राहून गेलेलं तिकीट ही खरोखर मोठी चूक असते आणि तिला मोठा भाव असतो. म्हणून पाकिटावरचा ठसा नीट चौकोनी कापून तो 'एरर' म्हणून पुढं केला जातो. ओळखायचं कसं? व्हिक्टोरियाचा मुखवटा कागदातून वर उठलेला असेल तर तो पाकिटाचाच. आपली त्या काळची मुखवट्याची चिकटवायची तिकिटं सपाट छापलेली आहेत. उठावाचं चिकटवायचं तिकीट म्हणजे १८५२ चं, फक्त सिंध भागापुरतं निघालेलं सिंध डाक, आणि त्यावर राणीचं तोंडच नाही. पोस्टकार्डातून कापलेला तुकडा जाड पुठ्ठ्याचा लागतो. वॉटरमार्क, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारी खूण, जुळत नाही. मागं डिंकाची खूण नसते, किंवा नंतर फासलेला डिंक कडेपर्यंत आलेला असतो.

दुसरा: खरा तुकडा, खरं जुनं पाकीट, पण दोघांची गाठ परवाच पडलेली. कोऱ्या किंवा तिकीट गळून गेलेल्या पाकिटावर कटआउट चिकटवून 'टपालातून गेलेला' म्हणून विकतात. इथं शिक्का वाचायला शिका. शिक्क्याची रेघ तुकड्यावरून पाकिटावर सलग उतरली पाहिजे. तुकड्याच्या कडेशी ती तुटते, सरकते किंवा शाईची छटा बदलते, तर संशय घ्या. मग पाकीट उलटा: पोचल्याचा शिक्का आहे का, तारखा जुळतात का. त्यानंतर दर. छापलेलं मूल्य त्या सालच्या दराला पुरतं का, नसेल तर बाकीचं तिकीट कुठं आहे? शेवटी अतिनील किरणांची छोटी बॅटरी. साधारण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुष्कळ कागदांत पांढरेपणासाठी रसायन घालतात आणि तो कागद या उजेडात निळसर पेटतो. व्हिक्टोरियाच्या काळचं पाकीट पेटलं तर वेगळं सांगायला नको. चिकटवलेल्या जागी नवा डिंकही याच उजेडात उघडा पडतो.

पाऊस आणि पूर

कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट कागदाचा शत्रू आहे. ओल धरली की तपकिरी ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. स्टेशनरी लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, जुन्या टाचण्या आणि स्टेपल हळूच काढा कारण गंजाचा डाग आरपार जातो. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या घ्या. डांबराच्या गोळ्या कपड्यांजवळ राहू देत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या दर काही आठवड्यांनी वाळवा, आणि पाऊस उघडल्यावर कोरड्या दिवशी, उन्हात न ठेवता, सगळं एकदा हवेशीर करा. उन्हानं शाई उडते.

भिजवून सोडवणं स्टेशनरीला कधीच करू नका. उठावाचा ठसा पाण्यात बसतो आणि हातानं लिहिलेली शाई पसरते.

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहराला हे सांगायची गरज नसावी, तरी: शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नदीकाठच्या पेठा या भागात राहत असाल तर संग्रह तळमजल्यावर ठेवू नका. एकाच हवाबंद डब्यात, उचलून नेता येईल एवढ्याच वजनाचा ठेवा. यादी आणि फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू द्या.

स्वतःचं टपाल तयार करा

जुनं विकत घेण्याइतकाच आनंद आजचं टपाल करण्यात आहे, आणि खर्च नगण्य. रमणमळ्यातल्या मुख्य पोस्टात जा, ५० पैशांची कार्डं, अडीच रुपयांची इनलँड, पाच रुपयांची पाकिटं मागा. सगळ्या काउंटरवर सगळं नेहमी असतंच असं नाही. गर्दीची वेळ टाळून गेलात तर आतून काढून देतात. त्यावर जादा दरासाठी सुंदरसं स्मारक तिकीट लावून स्पीड पोस्टनं पाठवा. असं छापील आणि चिकटवलेलं तिकीट एकत्र आलेलं पाकीट म्हणजे तुमच्या संग्रहाचं पहिलं 'मिश्र' पान. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, त्यामुळं कुणाकडं रजिस्टरचं लेबल असलेली अलीकडची पाकिटं असतील तर तीही फेकू देऊ नका. शिक्का मारणाऱ्याला एवढंच म्हणायचं: 'साहेब, संग्रहासाठी आहे, तेवढा शिक्का स्वच्छ मारा.' बहुतेक जण कौतुकानं मारतात, काही जण पॅडला नवी शाईसुद्धा लावतात.

नवीन तिकिटं घरबसल्या हवी असतील तर टपालखात्याचं फिलाटेली (तिकीटसंग्रह) डिपॉझिट खातं उघडा. किमान २०० रुपये भरून ते सुरू होतं. कोल्हापूर विभाग टपालखात्याच्या गोवा रीजनमध्ये येतो, त्यामुळं प्रदर्शनं आणि विशेष पाकिटांच्या बातम्या शोधताना पणजीकडंही लक्ष ठेवा. घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर दीनदयाळ स्पर्श योजनेची चौकशी करा. त्यात प्रश्नमंजूषा आणि तिकिटांवरचा प्रकल्प यांतून निवड होऊन वर्षाला ६००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. शाळेचा फिलाटेली क्लब किंवा मुलाच्या नावाचं डिपॉझिट खातं लागतं.

परदेशी डीलरकडून काही मागवलंत तर एक सूचना. आत आलेली वस्तू पाहण्याच्या घाईत बाहेरचं पाकीट फाडू नका. तिकिटांचे डीलर आपल्या पार्सलवर बऱ्याचदा जुनी न खपलेली स्मारक तिकिटं रांगेनं लावतात, आणि जिथं चालत होतं तिथं कटआउटही लावलेले आहेत. ब्रिटनमध्ये बारकोड नसलेली रोजची तिकिटं ३१ जुलै २०२३ नंतर बाद झाली, स्मारक तिकिटं मात्र चालू राहिली. त्यामुळं तिथल्या पार्सलांवर जुनी रंगीत तिकिटं भरपूर दिसतात. पाकीट वरच्या कडेनं सुरीनं अलगद उघडा, पेन्सिलीनं मागच्या बाजूला आल्याची तारीख लिहा, आणि आतल्या वस्तूशेजारीच ठेवा.